पहिल्या हाकेला

१

संपात गिरणी गेली तेव्हा आमच्या घरातून दोन गोष्टी गेल्या, गुणाजींची नोकरी आणि त्यांची बडबड. नोकरी पुढे साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर मिळाली. बडबड काही परत येईना. रविवारी खाटेवर पडून छताकडे बघायचं आणि खोकायचं, एवढंच काम. कापूस पिंजायच्या खात्यात वीसेक वर्षं काढलेली, त्यामुळे खोकला मात्र पक्का. घाटकोपरच्या आमच्या चाळीत कोणी अंधारातही सांगितलं असतं, हा गुणाजीचा खोकला म्हणून. दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी घसा साफ केल्यासारखं 'हं'.

मी रत्नप्रभा. अंधेरीला एमआयडीसीत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसते. दिवसभर माणसांचे नुसते आवाज ऐकायचे आणि एकमेकांना जोडून द्यायचे. चेहरे विसरते मी, आवाज नाही.

आमच्या ऑफिसात मीरा टायपिस्ट आहे, तिचा नवरा अंबादास टपालखात्यात. त्याला किल्ल्यांचं भारी वेड. मोठे गड सगळेच बघतात, ह्याला हद्द बघायची असायची. एका अंगाला फिरंगी, दुसऱ्या अंगाला मराठे, आणि मधल्या पट्ट्यात दोघांच्या धाकाने तट बांधून बसलेली खाडीकाठची लहान लहान गावं. मीराच म्हणाली, "ताई, भावोजींना घेऊन या ना आमच्याबरोबर. पायाला माती लागली की माणूस बोलायला लागतो."

लागले की बोलायला. तिसऱ्या-चौथ्या रविवारी गुणाजी एका बुरुजावर बसून अंबादासला मालवणीत गजाली सांगत होते, आणि मी पाठ वळवून डोळे पुसत होते. त्या दगडधोंड्यांनी माझा नवरा मला परत दिला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. ८६ सालची गोष्ट आहे ही.

२

पाणकोटला आम्ही थंडीत गेलो. ठाण्याहून एसटी, मग खाजणाच्या बांधावरून पायी. गाव तटाबाहेरच वसलेलं, कौलारू घरं, अंगणात सुकत टाकलेली मासळी. जुनं गाव तटाच्या आत, आणि तिथे आता कोणी राहत नाही. का, ते आम्ही विचारलं नाही. ओस पडलेली गावं अंबादासने आम्हाला इतकी दाखवली होती की त्यात नवल वाटेनासं झालं होतं.

विहिरीवर गावातल्या बायका होत्या. त्यातली एक तटाकडे तोंड करून ओरडली, "बाळकृष्ण, ए बाळकृष्ण, जेवायला ये." तटाच्या सावलीत जाळं शिवत बसलेला तिचा नवरा उठून आला. मग दुसरीनेही तसंच, नाव घेऊन.

मीरा खूश झाली. तीही नवऱ्याला सरळ अंबादास म्हणते, त्यावरून आमच्या ऑफिसात तिची चर्चा होते. "बघा ताई, खेड्यातल्या बायका नाव घेतात. आणि तुम्ही घाटकोपरच्या, अजून 'अहो'."

"ज्याची त्याची रीत," मी म्हटलं. नाव मी एकदाच घेतलं होतं, लग्नात उखाण्यात, तेही सासूबाईंनी चिमटा काढला म्हणून.

दरवाजाचं मोठं लाकूड कुजून गेलेलं, पण त्यातली दिंडी, वाकून जायची छोटी वाट, तेवढी शाबूत होती. आत गल्ली, दोन्हीकडे बिनछपराच्या खोल्या. खोल्या अगदी आपल्या चाळीतल्यासारख्या, एकीला लागून एक. अंबादासने प्रत्येक दाराच्या चौकटीत दगडात कोरलेलं भोक दाखवलं. दार लावलं की भिंतीतून लाकडी अडसर ओढायचा आणि समोरच्या भोकात बसवायचा. "हल्ला आला की आख्खं गाव आतून बंद," तो म्हणाला.

"आणि जो बाहेर राहिला तो?" गुणाजींनी विचारलं.

"त्याची वाट लागली," अंबादास हसला. गुणाजी हसले नाहीत. त्या भोकात बोटं घालून उभे होते.

३

जेवणं झाली. मीरा-अंबादास तट मोजायला गेले, मी दिंडीबाहेर चिंचेखाली पथारी टाकली. गुणाजी म्हणाले, "मी जरा आत सावलेत बसतंय गो." आणि खोकत खोकत गेले.

उन्हं कलली तशी मी डबे बांधले. एसटी चुकली असती तर दुसरी नव्हती. दिंडीतून डोकं आत घालून मी हाक मारली, "अहो."

"ओ, आलो," आतून उत्तर आलं.

लगेच. माझी हाक पुरी व्हायच्या आत. आता कोणत्याही बाईला विचारा, नवरा पहिल्या हाकेला ओ देतो का. आमचा तर तिसऱ्या हाकेला, तेही "काय गो, कित्याक बोंबलतंस" म्हणून. मी हसले. म्हटलं, चला, किल्ल्याची हवा मानवली.

ते दिंडीतून वाकून बाहेर आले. केसांना चुना लागलेला. माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतायत, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवी घेतली हो. तट मोजून परतलेल्या मीराने मला कोपर मारलं, "काय ताई, मजा आहे."

एसटीत माझ्या शेजारी बसून ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. खोकले नाहीत.

४

त्या संध्याकाळी जे घरी आले त्यांना मी तेव्हा 'हे' म्हणत होते, इथेही तेच म्हणते.

खरं सांगते, मला आवडलं. सकाळी मी उठायच्या आत ह्यांनी नळावरून पाणी आणलेलं असायचं. हंडा, कळशी, पातेली, डबे, शेवटी चहाचे पेलेसुद्धा भरून ठेवलेले. आमच्या चाळीत पाण्याची बोंब, कोण नाही म्हणेल? मी ऑफिसातून आले की हे बसस्टॉपवर उभे. आज कुठे, काय, विचारायचे नाहीत, नुसते पिशवी घ्यायचे आणि माझ्या मागून चालायचे. घरात मी शिरले की मग आत यायचे. लग्न झालं तेव्हासुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं माझं. जेवताना मी वाढत असले की माझ्या हाताकडे बघत राहायचे, आणि त्या बघण्यात इतकी माया असायची की मला भरून यायचं.

एकच गोष्ट. दिवेलागणीला दार लावलं की ह्यांचा हात दाराशेजारच्या भिंतीवर फिरायचा. खालीवर, चाचपडत. मी म्हटलं, "अहो, बटण त्या बाजूला आहे." तर म्हणाले, "हो, हो." आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. बटण शोधत नव्हते ते. भिंतीत काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं, असा चेहरा व्हायचा.

आणि हो, मालवणी गेली. "गो" नाही, "रत्ना" नाही. पाणकोटहून आल्यापासून ह्यांनी मला हाकच मारली नव्हती. मी स्वतःला समजावलं, बाई गं, माणूस सुधारला तरी तुला टोचतंय. खोकला थांबलाय, देवाला नारळ दे आणि गप्प बस.

५

मग साकीनाक्याहून फोन आला, माझ्याच बोर्डावर. गाळ्याचे मालक, श्यामसुंदरशेठ. "वहिनी, गुणाजीला बरं नाही का? मशीनला हात लावत नाही. समोर बसतो आणि बघतो. पट्टा फिरला की दचकतो."

"थकलेत हो जरा," मी म्हटलं आणि वायर काढून ठेवली.

त्या दिवशी मी घरी आले, ह्यांना चहा दिला. समोरच्या खोलीतली जानकी गॅलरीतून आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, दुधाचं पातेलं घ्या जरा."

आमचे हे उठले. "ओ, आलो," म्हणाले, कप खाली ठेवला आणि चालत जानकीच्या दारात जाऊन उभे राहिले. हात पुढे केलेले, पातेलं घ्यायला. जानकी खो-खो हसली. "काय भावोजी, माझा नंबर लागला काय आज?" तिचा नवराही हसला. मीसुद्धा हसले, काय करणार. ह्यांचा हात धरून परत आणलं तेव्हा तो हात मातीच्या माठासारखा गार होता, आणि चेहऱ्यावर लाज नव्हती. आनंद होता. कोणीतरी बोलावलं, एवढाच.

दुसऱ्या दिवशी हे खाली नळावर गेलेले, मधे दोन जिने, बायकांचा कालवा. मी मोरीत उभी राहिले, भांडी विसळायला घेतली, आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "अहो." माझं मलाही ऐकू गेलं नसेल.

"ओ, आलो."

मोरीच्या दारामागून. हंड्यातून एक थेंबही सांडलेला नव्हता आणि धापही लागलेली नव्हती. मी बोर्डावरची बाई, श्वास ऐकून सांगते माणूस जिना चढून आलाय की खुर्चीत बसलाय. इथे श्वासच नव्हता. मी भांडी खडखडवत राहिले, रडले ते कळू नये म्हणून.

६

मीरा सोमवारी जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, भावोजी काल कुठे होते?"

"घरी. पाणी भरत होते. का गं?"

"आम्ही पाणकोटला गेलेलो. अंबादासचा तटाचा नकाशा अर्धा राहिलेला ना. मी दिंडीशी बसले होते. आतून खोकला आला." ती माझ्याकडे बघेना. "दोन छोटे, एक लांब. मग 'हं'. अंबादास सगळ्या खोल्या फिरून आला, कोणी नाही. मला म्हणतो, तटात आवाज घुमतो, गावातलं कोणी असेल. तसंच असेल ना?"

मी "तसंच असेल" म्हटलं. डबा तसाच बंद केला.

दुपारभर बोर्डावर लाल दिवे लागत होते आणि मी चुकीच्या माणसांना चुकीचे नंबर देत होते. डोकं मात्र एकाच जागी. पाणकोटच्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात. थट्टेने नाही, फॅशन म्हणून नाही. तटाकडे तोंड करून, पुरं नाव, दोनदा. आणि मी काय केलं? दिंडीतून डोकं आत घालून म्हटलं, "अहो." हे काय कोणा एकाचं नाव आहे? जगातल्या सगळ्या नवऱ्यांचं आहे. ज्याला आधी ऐकू गेलं तो आला.

माझा नवरा त्या दगडांत बसलाय, खोकतोय, आणि मी भलत्याला घरी आणून जेवू घालतेय. हे वाक्य मनात आलं तेव्हा मी स्वतःलाच म्हटलं, रत्ने, तुला वेड लागलंय, डॉक्टरला दाखव. पण खोकला डॉक्टरला कसा ऐकवणार? तो तर घरी नव्हता.

७

पुढच्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, "पाणकोटला जाऊया?" हे माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, केस विंचरले, माझी पिशवी घेतली. कुठे जातोय आणि कशाला, ते त्यांना कळलं होतं. एसटीत माझ्या बाजूला ऊन येत होतं म्हणून जागा बदलून दिली. मला वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. असू दे जो कोण आहे तो. पण लगेच आठवलं ते खाटेवर पडून छताकडे बघणारं माझं माणूस, ज्याला मी इतक्या मुश्किलीने उठवून चालतं केलं होतं.

तटापाशी पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. दिंडीसमोर मी उभी राहिले. हे माझ्या मागे.

नाव घ्यायचं. एवढंच तर. जीभ उचलेना. आईने, सासूने, सगळ्यांनी सांगितलेलं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. तोंडातून पहिल्यांदा नुसतं "गुणा" निघालं.

"गुणाजी," मी म्हटलं.

आत पारवे घुमत होते. दुसरं काही नाही.

"गुणाजी. गुणाजी, मी रत्ना."

कुठेतरी लाकूड दगडावर घासत गेल्याचा आवाज झाला. कुजून मातीला मिळालेला अडसर कोणीतरी ओढत असावं तसा. मग एक दार उघडलं, जिथे दारच नव्हतं. आणि खोकला. दोन छोटे, एक लांब.

"हं. कोण? रत्ना?" आवाज गल्लीच्या टोकाकडून आला. "नाव घेतलंस माझा? लाज नाय गो तुका?"

मी भिंतीला धरून म्हटलं, "या हो लवकर बाहेर."

"येतंय, येतंय. तुझी हाक ऐकलंय मी मगाशी. ओ देतलंय, तर कोणतरी आधीच दिल्यान. माका वाटला, दुसऱ्याची बायल आसतली."

त्यांच्यासाठी अजून तीच दुपार होती.

मागे हे हलले. पिशवी माझ्या पायाशी ठेवली, पट्टा नीट दुमडून. "बाई," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच हाक मारली. "दोघं एकदम बाहेर नाही राहता येणार. मी जातो."

मी त्यांच्याकडे वळले. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. "तुम्ही का आलात हो माझ्याबरोबर?"

"तुम्ही बोलावलंत," ते म्हणाले. "खूप दिवसांत कोणी बोलावलं नव्हतं. हल्ला आला तेव्हा माझी बायको बाहेरून हाका मारत होती, दार आतून लावलेलं. मी ओ दिली होती. पहिल्याच हाकेला दिली होती. अडसर निघाला नाही."

ते दिंडीत वाकले. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, अर्धे उन्हात, अर्धे आतल्या अंधारात. उन्हातला अर्धा चेहरा माझ्या नवऱ्याचा होता. सावलीतला नव्हता. तो एका पोराचा होता, मिसरूड नुकतं फुटलेलं, हळदीचा पिवळेपणा अजून कानाशी राहिलेला.

"थांब रे," मी म्हटलं. "तुझं नाव काय? मी घेते. बाहेर बोलावते तुला, नावाने."

त्याने आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, मला ते दिसत होतं. मग मान हलवली.

"ती कधी घ्यायची नाही ना," तो म्हणाला, आणि आत गेला.

८

गुणाजी दिंडीतून बाहेर आले ते कपडे झटकत, चिडलेले. "बस चुकतली. अंबादास खंय गेलो?" मी म्हटलं, ते पुढे गेलेत. काय सांगणार? त्यांचा हात धरला. गरम होता, घामेजलेला, लेथच्या चिरांचा. बांधावरून सगळा रस्ता तो हात सोडला नाही मी. ते लाजत होते, "लोक बघतत गो." बघू देत.

फाट्यावर एसटी उभी होती. सहलीला आलेली मुंबईची मंडळी आधीच चढलेली, बायका-मुलं, टोपल्या, कल्ला. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. तिथून मागच्या काचेतून तट दिसत होता, बांधाच्या टोकाला, छोटासा.

पुढच्या बाकावर एक नवी नवरी होती, हातात हिरवा चुडा. तिचा नवरा खाली पानाच्या टपरीशी उभा. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लाजत लाजत हाक मारली, "अहो, या ना, गाडी सुटतेय."

मी तिच्या खांद्याला हात लावणार, तिला म्हणणार, नाव घे गं बाई, नाव घे. तेवढ्यात लांबून, खाजणावरून, अगदी स्पष्ट आलं.

"ओ, आलो."

बांधावर कोणीतरी धावत होतं. टपरीवरच्या नवऱ्याने पान तोंडात टाकलं आणि सावकाश गाडीत चढला. नवरी सरकून बसली. कंडक्टरने घंटी ओढली. बांधावरचं ते धावणारं माणूस अजून धावतच होतं, एक हात वर करून, गाडी थांबवायला करतात तसा. मग वळण आलं.

मी पदरात तोंड घालून रडायला लागले. मोठ्याने, गाडीत सगळ्यांसमोर. गुणाजी गोंधळले. इकडेतिकडे बघितलं, खोकले, आणि मग सगळी लाज सोडून माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडतंस कित्याक गो?" म्हणाले. "इलंय ना मी."